बेटम्याचे धणे

इरावतीनं कढईतल्या धण्यांवरून उलथनं फिरवलं आणि गॅस आणखी थोडा मोठा केला. मूठभरच धणे होते. खमंग वास सुटला तशी तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली, पंखा लावला, आणि तरीही वास जाईना तेव्हा एक उदबत्ती पेटवून ओट्याच्या कोपऱ्यात बटाट्यात खोचून ठेवली. एक धणा उचलून नखानं दाबला. कोरडा, ठिसूळ. काही केलं तरी आता उगवणार नव्हता.

धणे ताटात पसरून तिनं गार होऊ दिले आणि मग मोठ्या काकूच्या पितळी वाटीत भरले.

ही वाटी दर वर्षी भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरून खाली यायची आणि भाऊबीजेला भरून वर जायची. घराचा कुळधर्म चंपाषष्ठीचा. चातुर्मासभर वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी घरात येई, त्याचं भरीत होई, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून तळी उचलली जाई. त्या भरितावरची कोथिंबीर मात्र बाजारची चालत नसे. ती घरात पेरलेली हवी, आणि पेरायची घरच्या थोरल्या सुनेनं. भाऊबीजेला पेरली की चौतिसाव्या दिवशी चंपाषष्ठी; तोवर बोटभर उंचीची, कोवळी कोथिंबीर तयार होते.

थोरली सून म्हणजे यशोधरा, इरावतीची मोठी काकू. भरितापासून बासुंदीपर्यंत तिच्या हाताला चव अशी की स्नेहलतागंजातल्या चार मराठी घरांतून कार्याच्या आधी तिला सल्ला विचारायला बायका येत. पण कोथिंबीर काही तिच्या हाताला लागली नाही. बी तर इरावतीच्या आईचं, सरोजिनीचं. तिच्या माहेरून, बेटम्याहून आलेलं, दर वर्षी चार रोपं फुलावर सोडून तिनं पुढे चालवलेलं. त्याच धण्यांची आईच्या कुंड्यांत दाट हिरवी गादी व्हायची आणि काकूच्या कुंडीत मातीच राहायची. मग चंपाषष्ठीला सकाळी काकू ताट घेऊन दारात येई आणि म्हणे, "सरोजिनी, कोथिंबीर दे गं. माझी यंदाही आली नाही."

वर्षातला तेवढा एकच दिवस, काकूनं हात पुढे करायचा.

यंदा आई नव्हती. श्रावणात गेली. सण कुठलाच करायचा नव्हता, पण कुळधर्म चुकवून चालत नाही, असं काकूनंच सांगितलं होतं. आणि यंदा काकूचा मुलगा नीरज ईर्ष्येला पेटला होता. मम्मीची कोथिंबीर या वेळी आणूनच दाखवतो म्हणत होता. आई गेली त्याच वर्षी काकूच्या कुंडीत कोथिंबीर यावी, हे इरावतीला सोसणार नव्हतं.

ती वाटी घेऊन जिना चढली.

काकू देवघराबाहेर पाटावर बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ. वाटी हातात घेऊन तिनं विचारलं, "सकाळीच उदबत्ती लावलीस?"

"हो. आईच्या फोटोपुढे."

काकूनं वाटी नाकाजवळ नेली. ती सगळंच नाकाजवळ न्यायची. दूध, डाळ, नवं कापडसुद्धा. मग वाटी मांडीवर ठेवून तिनं पदर वर ओढला.

"बरं," ती म्हणाली.

"इरा, या वेळी मम्मीची फुल तयारी आहे हं," नीरज आतून ओरडला. तो एक लांबट हिरवा ट्रे घेऊनच बाहेर आला. "नर्सरीतून मिट्टी आणली, खाद आणली, खाली पाणी निघायला छेद पण आहेत. यूट्यूबवर एका दीदीचे चार व्हिडिओ बघितले आम्ही. अब की बार पक्का!"

"येणारच," इरावती म्हणाली.

"आधी फोडायचे ना गं?" काकूनं विचारलं.

"हो. पोळपाटावर घालून वरून लाटणं हलकं फिरवायचं. एकाचे दोन झाले पाहिजेत. मग संध्याकाळपर्यंत पाण्यात. पेरल्यावर वर पेरभर माती, आणि ओलं गोणपाट." तिनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट हातची न राखता. मेलेल्याला औषध सांगायला काय जातं.

खाली येऊन तिनं कढई घासली. दोनदा घासली.

*

तेराव्याच्या दिवशीची गोष्ट. पंगत उठत होती. आईच्या शाळेतल्या बाया आल्या होत्या. मल्हारगंजातल्या मुलींच्या शाळेत आईनं एकोणतीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांतली एक डोळे पुसत काकूला म्हणाली, "फार गुणी होत्या हो सरोजिनीबाई." सगळ्या काकूकडे बघत होत्या. थोरल्या जावेनं दोन शब्द बोलायचे होते. काकूनं थोडा विचार केला आणि म्हणाली,

"सरोजिनी कोथिंबीर फार सुरेख निवडायची."

बस. एवढंच. इरावतीच्या हातात ताकाचं भांडं होतं. ते तिनं सांडू दिलं नाही, इतकंच तिला आठवत होतं.

कारण तिला ठाऊक होतं हे निवडणं कुठून आलं ते. आई लग्न होऊन आली त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला भरीत तिनं केलं होतं, बेटम्याच्या पद्धतीनं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात वांगी भाजून. पंगत बसली, आणि अर्ध्या जेवणात काकूनं ते पातेलं उचलून आत नेऊन ठेवलं आणि स्वतः दुसरं भरीत केलं. त्यानंतर एकत्र चूल होती तोवरची अकरा वर्षं, आणि चुली वेगळ्या झाल्यावरही प्रत्येक सणाला, प्रत्येक कार्याला, आईनं पदर खोचला की काकू म्हणायची, "तू राहू दे. तू कोथिंबीर निवड." आणि आई निवडायची. भिंतीशी बसून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, एकेक काडी. वर्गात साठ मुलींना एका नजरेनं गप्प करणारी बाई. लहानपणी इरावतीला वाटे, आईला ते आवडतं. पुढे वाटे, आई साधी आहे. चाळिशी ओलांडल्यावर वाटू लागलं की आईला साधं असण्याची शिक्षा झाली, आणि ती तिनं तोंडातून ब्र न काढता भोगली.

ब्र काढायचं काम आता इरावतीकडे होतं. चंपाषष्ठीला काकू ताट घेऊन येईल तेव्हा काय म्हणायचं, ते वाक्य तिनं तयार करून ठेवलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना ती ते मनात म्हणून बघे, एखादा शब्द काढून टाकी. आता त्यात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फक्त त्या वाक्यासाठी तिच्या स्वतःच्या कुंडीत कोथिंबीर यायला हवी होती. आणि ती येत नव्हती.

नवरात्रात तिनं पहिल्यांदा पेरली होती. धणे डब्यातून काढून तसेच मातीत टाकले. बारा दिवस झाले तरी काही नाही. कोजागिरीला पुन्हा पेरली, या वेळी फोडून. चार-सहा कोंब आले, तर गच्चीवरच्या पाइपच्या धारेनं ते आडवे झाले आणि उरलेले दुपारच्या उन्हानं नेले. आईच्या स्टीलच्या डब्यात तळाला दोन मुठी धणे राहिले. आई हयात असती तर म्हणाली असती, "इरा, पुस्तकं वाचून कोथिंबीर येत नाही गं." तिला आईचे हात आठवायला लागले. फक्त हात. पोळपाटावर लाटणं कसं फिरायचं, जोर न देता. "एका धण्यात दोन बिया असतात. जुळी भावंडं. वेगळी केल्याशिवाय कुणीच वर येत नाही." पाणी ओंजळीतून बोटांच्या फटींमधून शिंपडायची. कुंडी अशी ठेवायची की सकाळचं ऊन मिळावं आणि अकरानंतर टाकीची सावली यावी.

भाऊबीजेला एक मूठ कढईत गेली. दुसरी तिनं आईसारखी फोडली, भिजवली, पेरली आणि ओल्या गोणपाटाखाली झाकली.

नवव्या दिवशी सकाळी तिनं गोणपाटाचं टोक उचललं. मातीला बारीक तडे गेले होते आणि प्रत्येक तड्यातून पांढरी, वाकलेली मान वर येत होती. तिनं गोणपाट परत टाकलं. थोड्या वेळानं पुन्हा उचललं. मग टाकीच्या पायरीवर बसून राहिली. त्या दिवशी तिला कॉलेजला उशीर झाला.

*

गच्ची सामाईक होती. टाकीच्या अलीकडे इरावतीच्या तीन कुंड्या, पलीकडे नीरजचा हिरवा ट्रे.

काकू रोज साडेसातला वर येई. एक हात भिंतीला, एका हातात तांब्या. दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. इरावती वाळत घातलेले कपडे उगाच सारखे करत उभी राही. काकू ट्रेशी वाकायची, तांब्यातलं पाणी ओंजळीत घ्यायची आणि बोटांच्या फटींमधून मातीवर शिंपडायची. कुणी न सांगता, बरोबर जसं हवं तसं. मग कंबर धरून उभी राहायची आणि त्या काळ्या मातीकडे थोडा वेळ बघायची.

"वेळ लागतो, काकू," इरावती म्हणायची. तिचा आवाज गोड झालेला तिलाच ऐकू यायचा.

"हो ना."

पंधराव्या दिवशी इरावतीच्या कुंडीत खरी पानं फुटली, कातरलेल्या कडांची. विसाव्या दिवशी वास यायला लागला. काकू ट्रेपाशी असतानाच नीरज चहाचा कप घेऊन वर आला आणि दोन्हीकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे यार! तुझी तर पूरी लॉन झाली. आणि आमचं अजून नेहरू स्टेडियम!"

"स्टेडियममध्ये तरी गवत असतं," इरावती म्हणाली.

नीरज खो खो हसला. "सही पकडलंस! मम्मी, मी काय म्हणतो, नवीन बीज आणू का? नर्सरी काय, दस मिनिट. अजूनही पेरलं तर थोडीबहुत येईल."

"नको," काकू म्हणाली.

"अगं पण..."

"नको म्हटलं ना रे. घरचंच लागतं."

खाली उतरताना काकू इरावतीच्या कुंडीशी थांबली. तिनं पानाला हात लावला नाही. वाकून फक्त वास घेतला. "छान आलीय," ती म्हणाली. "दाट."

त्या 'छान'नं इरावतीला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. काकूच्या चेहऱ्यावर ती हार शोधत होती, निदान चीड. तिथं काहीच नव्हतं. रिकाम्या मातीला पाणी घालणाऱ्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघून एकदा तिला तांब्या आपल्या हातात घ्यावासा वाटला. तेव्हा तिनं तेराव्याच्या दिवशीचं ते वाक्य आठवलं, संपूर्ण, काकूच्या आवाजात, आणि ते वाटणं बंद पडलं.

*

चंपाषष्ठीला सकाळपासून वरून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. इरावतीनं रजा टाकली होती. आंघोळ करून, केस बांधून ती पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसली. पान उलटलं नाही.

दहाच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबा, एक पायरी. काकू दारात आली. हातात पितळी ताट, त्यावर घडी घातलेला पांढरा पंचा.

"इरा, कोथिंबीर दे गं. माझी यंदाही आली नाही."

तेच शब्द. त्याच चालीत. नाव तेवढं वेगळं.

इरावती उठली नाही. "तुम्हीच म्हणालात ना काकू," ती म्हणाली, "आई कोथिंबीर सुरेख निवडायची. निवडणारी गेली. आता बाजारातून आणा."

वाक्य ठरवल्यासारखं बाहेर पडलं, एकही शब्द न अडखळता. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत होता, "भिया, पालक ले लो, मेथी ले लो!" तो पुढे जाईपर्यंत काकू दारात उभी राहिली. ताट तिनं दोन्ही हातांत धरलं होतं.

"आच जास्त झाली तुझी," काकू म्हणाली.

"काय?"

"धणे भाजताना. मोठ्या आचेवर भाजलेस. लाटणं फिरवलं तर पीठ झालं त्यांचं." काकूच्या आवाजात राग नव्हता, सुनेला पुरण सांगावं तसं ती सांगत होती. "सरोजिनी मंद ठेवायची. रंग बदलायच्या आत उतरवायची. लाटण्याखाली अगदी बरोबर दोन व्हायचे. बघणाऱ्याला कळायचं नाही."

इरावतीच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं गेलं. खूण राहिली नाही.

"आई?" ती म्हणाली.

"मग कोण? एवढी वर्षं काय माझ्या हातातच दोष होता?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी." काकूनं नाकाला बोट लावलं. "या घराला पन्नास वर्षं फोडण्या दिल्यात मी. कच्चा धणा कुठला आणि तव्यावरनं उतरलेला कुठला, मला कळणार नाही?"

इरावतीला आई दिसली, कुंडीशी वाकलेली. चंपाषष्ठीला कोथिंबीर खुडायला आई फार वेळ लावायची. एक काडी खुडायची, निरखायची, ताटात ठेवायची. मग दुसरी. काकू दारात उभी. "बसा ना वहिनी," आई म्हणायची, आणि बसायला काही द्यायची नाही. लहानपणी इरावतीला वाटायचं, आई किती मन लावून देते.

"मग पेरत का होतात दर वर्षी?" तिनं विचारलं. "पाणी का घालत होतात?"

काकूनं ताट दाराजवळच्या तिपाईवर ठेवलं. गुडघ्यावर हात दाबून ती खाली, उंबऱ्याच्या आत, जमिनीवरच बसली.

"ती भांडली असती तर मी पण भांडले असते. दोन दिवसांत मिटलं असतं, नाहीतर जन्माचं तुटलं असतं. ती भांडलीच नाही. तिनं हे केलं." काकूनं तिपाईवरच्या ताटातला पंचा ओढून घेतला. "दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही माझ्याकडे. म्हटलं, हे करू दे."

वर नीरज देवाला काही म्हणत होता. शब्द कळत नव्हते.

"आईचं भरीत कसं होतं?" इरावतीनं विचारलं. हे तिनं ठरवलं नव्हतं. "पहिल्या वर्षीचं. तुम्ही आत नेऊन ठेवलंत ते."

काकू पंच्याची घडी उलगडत होती. तो उलगडून तिनं मांडीवर पसरला, कडा सारख्या केल्या.

"ह्यांनी दोनदा मागून घेतलं होतं," ती म्हणाली.

इरावती उठली. गच्चीवर जाऊन तिनं मोठ्या कुंडीतली कोथिंबीर खुडली, मुळं न दुखवता, आधी बाहेरच्या काड्या. कडेची चार रोपं फुलासाठी सोडली. किती वेळ लावायचा ते तिच्या हातात होतं. तिनं लवकर केलं नाही, फार उशीरही केला नाही.

ती खाली आली तेव्हा काकू तिथंच होती.

"दे इकडे," काकू म्हणाली. "मी निवडते."

काकूला निवडता येत नव्हती. इतक्या वर्षांत तिनं कधी निवडलीच नव्हती. ती पानं ओरबाडत होती आणि कोवळे देठ बाजूला टाकत होती. इरावती थोडा वेळ बघत उभी राहिली.

"काकू, देठ टाकू नका. वास देठातच असतो."

"असं होय," काकू म्हणाली आणि टाकलेले देठ एकेक करून परत ताटात ठेवू लागली.

निवडून झाल्यावर पंच्यात गुंडाळलेली कोथिंबीर ताटात ठेवून ती भिंतीच्या आधारानं उठली. इरावतीनं हात पुढे केला नाही. काकूनंही तो मागितला नाही. दोन पायऱ्या चढून ती वळली.

"तो बेटम्याचा लहान तवा कुठाय? लोखंडी?"

"माळ्यावर असेल. आई तो कशालाच वापरू द्यायची नाही."

"तो काढून ठेव. कढईत नाही जमायचं ते. आणि उदबत्ती लावत जाऊ नकोस. त्या वासानंच आधी कळतं." काकू आणखी एक पायरी चढली. "भाऊबीजेला वाटी पाठवीन."

वर ताट पोचल्यावर थोड्या वेळानं तळी उचलल्याचा आवाज आला. नीरजचा आवाज सगळ्यांत मोठा, त्याच्याखाली काकूचा. इरावती जमिनीवर राहिलेली पिवळी पानं वेचत होती. ती वेचून झाल्यावर तिनं हात धुतले, आणि माळ्याखाली स्टूल ओढलं.